कानापुढे दोन बोटं

आधी चष्म्याचा नंबर बदलला.
मग चहा सोडला, मग उशी,
मग वाशीच्या एका डॉक्टरने सायनस ठरवून
आठ महिने नाकात फवारे मारायला लावले.
दुखणं म्हशीला, औषध पखालीला,
आणि म्हैस रोज दुपारी तीनला
माझ्या डाव्या कानशिलावर येऊन बसायची,
ऑफिस सुटेपर्यंत हलायची नाही.

मी कोपरखैरण्याला वीजबिलाच्या तक्रारींवर असते.
खिडकी क्रमांक चार. काचेला अर्धगोल भोक,
त्यातून आधी बिल आत येतं, पाठोपाठ आवाज.
"घराला दोन महिने कुलूप होतं, बाई,
मग हे साडेचार हजार काय भुतांनी जाळले?"
मी म्हणते, रीडिंग बघते.
मी म्हणते, अर्ज लिहून द्या.
जे म्हणत नाही
ते चावते.

चावते हेही ठाऊक नव्हतं मला.
हरेश रात्री उठून बसायचा, म्हणायचा,
पाट्यावर कुणीतरी खडे वाटतंय.
सासूबाईंनी जंत ठरवले
आणि वावडिंग उकळून पाजलं, एकवीस दिवस.

शेवटी अक्कलदाढेच्या निमित्ताने घणसोली.
डॉक्टर निलोफर मुकादम,
खाली सायकलचं दुकान, वर ती.
दाढ तिने आधी बघितलीच नाही.
माझ्या मागे उभी राहिली,
दोन्ही कानांपुढे दोन-दोन बोटं टेकवली,
शीत दाबून भात बघावा इतकी हलकी,
म्हणाली, उघडा. हळू.
कट्.
मिटा.
कट्.
किती वर्षं वाजतंय हे?
मला वाटायचं, सगळ्यांचंच वाजतं.

आरशात दाखवलं तिने,
जबडा सरळ खाली येत नाही,
डावीकडे वळसा घेतो
खड्डा चुकवणाऱ्या रिक्षासारखा.
सांध्यात एक चकती असते, ती सरकते आहे.
आणि हा स्नायू, असं म्हणत तिने कानशिलावर बोट दाबलं,
मी ओरडलेच.
हा पंख्यासारखा वर पसरलाय.
तुम्ही चावता खाली, हा रडतो वर.

कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात.
ही कानापुढून आली होती.

परतताना अण्णा आठवले.
मिठागर गेल्यावर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी
बेलापूरला खेटे घालणारे अण्णा.
संध्याकाळी डोक्याला पंचा आवळून
ओट्यावर पडायचे. विचारलं तर,
"काय नाय गो, ऊन लागला."
त्यांच्या गालाच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं,
तोंडात घास नसताना.
मी लहानपणी समजायचे, सुपारी आहे.
अण्णांनी जन्मात सुपारी खाल्ली नव्हती.

आता रात्री दातांवर एक पारदर्शक पट्टी चढवते.
गरम पाण्याचा टॉवेल. भाकरी आमटीत कुस्करून.
जांभई आली की हनुवटीखाली मूठ.
आणि दिवसभर एकच पाठ:
ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळ्याला.
विसरू नये म्हणून खिडकीच्या काचेवर
आतून एक हिरवी टिकली चिकटवली आहे.
दिसली की दात सोडायचे.
शिपाई सावळाराम विचारतो, मॅडम, काचेचं लग्न झालं का?
म्हैस अजून येते.
पण रोज नाही, आणि बसत नाही फार वेळ.

परवा एक माणूस आला.
बिल घडी घालून घालून कापडासारखं मऊ झालेलं.
भोकातून आत सारलं
आणि बोललाच नाही काही.
मागे रांग तापलेली, कुणीतरी काच वाजवतंय,
हा नुसता उभा,
गालाच्या कोपऱ्यात सुपारी हलते आहे.

मी टिकलीकडे बघितलं. दात सोडले.
भोकाशी वाकून विचारलं,
"दादा, डोकं दुखतं का तुमचं? दुपारचं?"

तो दचकला.
काही बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं.
रांगेच्या गलक्यात ऐकू आलं नाही मला,
पण दिसलं,
जबडा आधी डावीकडे गेला.